दिलेला शब्द, घेतलेले व्रत

मध्ययुगातली प्रेमकथा लिहायला घेतलेल्या कादंबरीकाराला पहिला मोह होतो तो धर्माला खलनायक करण्याचा. एका बाजूला दोन तरुण जीव आणि दुसऱ्या बाजूला मठाची भिंत, पुरोहिताची करडी नजर, समाजाचा बहिष्कार. एवढे मांडले की कथानक आपोआप पुढे सरकते. वाचकालाही बाजू निवडायला कष्ट पडत नाहीत. अडचण एवढीच की अशा कादंबरीतली माणसे त्या काळातली उरत नाहीत. ती आजचीच असतात, फक्त अंगावर झगे आणि चिलखते चढवलेली. ज्यांचा दिवस प्रार्थनेच्या घंटेने सुरू होई, ज्यांचे वर्ष संतांच्या सणांनी आणि उपासांनी मोजले जाई, मेल्यावर आपले काय होणार हा विचार ज्यांना पेरणीइतकाच रोजचा होता, त्यांच्यापुढे 'प्रेम की धर्म' हा प्रश्न आपल्याला वाटतो तसा उभाच राहत नसे. त्यांच्या लेखी प्रेमही देवाच्याच राज्यात घडत होते.

मग त्यांच्या प्रेमात संघर्ष येतो कुठून? गेल्या दोनशे वर्षांतल्या या जातीच्या गाजलेल्या कादंबऱ्या ओळीने वाचल्या की एक गोष्ट ध्यानात येते. ज्या आजही वाचवतात, त्यांत भांडण हृदयाचे आणि देवाचे नसते. ते एका दिलेल्या शब्दाचे दुसऱ्या दिलेल्या शब्दाशी असते. वाङ्निश्चय, लग्नाची शपथ, संन्यासाचे व्रत, पापनिवेदनात दिलेले वचन अशा दोन ठिकाणी माणूस बांधला जातो, आणि दोन्ही गाठी खऱ्या असतात. एक सोडवायची तर दुसरी आवळते. हे ज्या लेखकांना कळले त्यांनी मध्ययुग जिवंत केले. ज्यांना कळले नाही त्यांनी त्याचा देखावा उभारला.

शब्दाला एवढे वजन का होते, हे समजायला युरोपातल्या तेव्हाच्या विवाहकायद्याकडे पाहावे लागते. बाराव्या शतकात, विशेषतः पोप तिसरा अलेक्झांडर (1159–1181) याच्या काळात, चर्चच्या कायद्यात एक तत्त्व पक्के झाले. लग्न लागते ते वधूवरांच्या संमतीने. आईबापांची परवानगी, पुरोहिताची हजेरी, साक्षीदार हे सारे इष्ट, पण लग्नाच्या वैधतेला अनिवार्य नव्हे. 'मी तुला वरतो' असे दोघांनी एकमेकांना आडरानात म्हटले तरी ते लग्न. 'वरीन' असे म्हणून शरीरसंबंध आला तरीही ते लग्नच. 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने विवाहाची आधी जाहीर घोषणा करण्याचा नियम सर्वत्र लागू केला आणि गुप्त विवाहांना मनाई केली, तरी झालेला गुप्त विवाह रद्द ठरत नसे. पुरोहित आणि साक्षीदार यांच्याविना लग्नच नाही, हा नियम पुढे 1563 मध्ये ट्रेंटच्या परिषदेत आला. म्हणजे मधली चारशे वर्षे चर्चने दोन माणसांच्या खासगी उद्गारात अफाट ताकद ठेवली होती. घराणी मुलींचे विवाह जमिनीच्या व्यवहारासारखे ठरवत होती आणि चर्चचा कायदा सांगत होता की मुलीच्या मुखातला होकारच खरा. या फटीतून कितीतरी कथा जन्मल्या, आणि कादंबरीसाठी यापेक्षा सुपीक जमीन शोधून सापडणार नाही.

देखाव्याचे मध्ययुग

एकोणिसाव्या शतकातल्या कादंबरीकारांनी मात्र या जमिनीवर बहुतेक किल्लेच बांधले. वॉल्टर स्कॉटच्या 'आयव्हॅन्हो'ने (1819) मध्ययुगाची सारी सामग्री लोकप्रिय केली: स्पर्धेचे मैदान, बंदीवान सुंदरी, वेषांतर केलेला राजा. पण त्या कादंबरीतही नायक-नायिकेपेक्षा लक्षात राहते ती रिबेका ही ज्यू मुलगी आणि तिच्यावर आसक्त झालेला टेंप्लर सरदार ब्वा-गिल्बेर. त्याने ब्रह्मचर्याची शपथ घेतलेली आहे आणि तिने आपल्या पूर्वजांच्या धर्माशी इमान राखायचे ठरवलेले आहे. तो शपथ मोडायला तयार होतो, ती होत नाही. शेवटी ती इंग्लंड सोडून जाते. एकोणिसाव्या शतकातल्या वाचकांना रिबेकाचे लग्न नायकाशी का लावले नाही याची चुटपुट लागून राहिली होती. स्कॉटचे हे ठाम राहणे त्याच्या लेखनातल्या ऐतिहासिक जाणिवेचा उत्तम पुरावा आहे. बाकीचा पसारा रंगीत आहे, पण तो आता जुन्या नाटकाच्या पडद्यांसारखा वाटतो.

व्हिक्तोर ह्यूगोने 'नोत्र दाम द पारी'मध्ये (1831) 1482 सालचे पॅरिस उभे केले आणि क्लोद फ्रोलो या धर्माधिकाऱ्याच्या वासनेला कथेचे इंजिन केले. दडपलेली इच्छा माणसाला राक्षस करते, हे सूत्र ह्यूगोने इतक्या ताकदीने मांडले की पुढे शंभर वर्षे 'झग्यातला पापी' हा साचाच होऊन बसला. फ्रोलोचे व्रत त्याला खरोखर काय देत होते, याची ह्यूगोला फारशी उत्सुकता नाही. व्रत म्हणजे पिंजरा, एवढेच त्याला पुरते.

या शतकात वेगळी वाट धरली ती चार्ल्स रीडने. 'द क्लॉइस्टर अँड द हार्थ' (1861) ही आज मागे पडलेली कादंबरी या विषयाच्या आढाव्यात मात्र अग्रभागी यायला हवी. पंधराव्या शतकातल्या हॉलंडमध्ये गेरार्ड आणि मार्गारेट यांनी एकमेकांना वचन दिलेले आहे. घरच्यांच्या विरोधामुळे त्याला इटलीला पळावे लागते. तिथे मार्गारेट मेल्याचे खोटे पत्र त्याच्या हाती पडते. दुःखाने तो भरकटतो आणि अखेर डोमिनिकन संघात भिक्षू होतो. परत येतो तेव्हा ती जिवंत आहे, त्याच्या मुलाला वाढवते आहे. आता काय? पहिले वचन खरे होते आणि दुसरे व्रतही खोटेपणाने घेतलेले नाही. खोटे होते ते फक्त पत्र. रीड दोघांना पळवून नेत नाही. तो त्यांना एकाच परिसरात, वेगवेगळ्या छपराखाली, एकमेकांच्या कामाला हातभार लावत जगू देतो. त्यांचा मुलगा पुढे इरॅस्मस म्हणून जगाला माहीत होतो. रीडची शैली भडक आहे, योगायोग डोईजड होतात, पण दोन खऱ्या गाठींचा पेच त्याने नेमका पकडला.

एलोइझचे आव्हान

या सगळ्या कल्पित जोड्यांच्या मागे एक खरी जोडी उभी आहे. पीटर ॲबेलार्ड (1079–1142) हा पॅरिसमधला त्या पिढीचा सर्वांत बुद्धिमान तर्कपंडित. एलोइझ ही नोत्र दामच्या फुल्बेर या धर्माधिकाऱ्याची भाची आणि ॲबेलार्डची शिष्या. त्यांचे प्रेम, आस्त्रोलाब नावाचा मुलगा, गुप्त विवाह, चिडलेल्या मामाने माणसे घालून केलेले ॲबेलार्डचे खच्चीकरण आणि नंतर दोघांचा मठप्रवेश ही हकिकत त्याच्याच आत्मवृत्तातून आणि दोघांच्या लॅटिन पत्रांतून आपल्यापर्यंत आली.

कादंबरीकाराला या कथेत घाम फुटतो तो एलोइझमुळे. लग्नाला विरोध तिचा होता. प्रेयसी असणे हे पत्नी असण्यापेक्षा निर्मळ, कारण त्यात देवघेवीचा हिशेब नाही, असे तिचे म्हणणे. मठात ती देवासाठी गेली नाही, ॲबेलार्डने सांगितले म्हणून गेली, हे ती मठाधिपती झाल्यावरही लपवत नाही. प्रार्थनेच्या वेळीही जुन्या सुखाची आठवण येते, असे ती त्यालाच लिहिते. आणि तरीही पाराक्लेत या मठाचा कारभार तिने दशकानुदशके इतका चोख केला की मोठमोठे धर्मगुरू तिला मान देत. ही बाई ढोंगी नाही आणि बंडखोरही नाही. ती शब्दाची पक्की आहे, फक्त शब्द कुणाला दिला याविषयी तिला कणभरही भ्रम नाही.

जॉर्ज मूरने 1921 मध्ये आणि हेलन वॉडेलने 1933 मध्ये या कथेवर कादंबऱ्या लिहिल्या. वॉडेल स्वतः मध्ययुगीन लॅटिन काव्याची अभ्यासक होती. भटक्या विद्यार्थी-कवींवरचा तिचा ग्रंथ 1927 सालचा. तिच्या 'पीटर ॲबेलार्ड'मध्ये त्या काळच्या पॅरिसमधले बोलणे-चालणे, वादविवादाची झिंग, जेवणावळीतल्या थट्टा असे काही उतरले आहे की अभ्यास कुठे संपतो आणि कल्पना कुठे सुरू होते ते कळत नाही. फासात सापडलेल्या सशाची किंकाळी ऐकून ॲबेलार्ड आणि त्याचा सोबती देवाच्या वेदनेविषयी बोलतात, तो प्रसंग या कादंबरीचे शिखर आहे. धर्मचिंतन इथे प्रवचनासारखे येत नाही. ते एका जनावराला सोडवता सोडवता सुचते. कमतरता एकच, आणि ती मोठी आहे: कथा ॲबेलार्डच्या अंतरंगातून जाते, एलोइझ बहुतेक बाहेरून दिसते. जिने पत्रांत स्वतःला एवढे उघड केले तिच्याही पुढे जाऊन लिहिणे कादंबरीला अवघड जाते, हे यातून उमगते.

योरुंडगोरची क्रिस्तिन

या साऱ्या परंपरेचा मध्यबिंदू म्हणजे नॉर्वेच्या सिग्रिड उंडसेटची 'क्रिस्तिन लाव्हरान्सदात्तर'. 'पुष्पमुकुट' (1920), 'गृहिणी' (1921) आणि 'क्रूस' (1922) अशा अर्थांच्या नावांचे तीन खंड. 1928 चे नोबेल पारितोषिक उंडसेटला मिळाले ते प्रामुख्याने उत्तरेकडील मध्ययुगीन जीवनाच्या चित्रणासाठी.

उंडसेट 1882 मध्ये जन्मली. वडील पुरातत्त्वज्ञ, त्यांच्यामुळे उत्खननातल्या वस्तू आणि आइसलँडच्या सागा तिच्या बालपणातच आल्या. ती अकरा वर्षांची असताना वडील गेले. सोळाव्या वर्षापासून जवळजवळ दहा वर्षे तिने कचेरीत नोकरी केली आणि रात्री लिहिले. मध्ययुगावरची पहिली कादंबरी प्रकाशकाने नाकारली, तेव्हा ती समकालीन विषयांकडे वळली. पुन्हा मध्ययुगाकडे आली ती लग्न मोडल्यावर, लिलेहामरच्या घरात मुलांना वाढवताना. कॅथलिक पंथ तिने 1924 मध्ये स्वीकारला, म्हणजे तिन्ही खंड झाल्यानंतर. हा क्रम महत्त्वाचा आहे. ती कादंबरी धर्मप्रचारासाठी लिहिली गेली नाही. ती लिहिताना लेखिका कुठे चालली होती ते मात्र पानोपानी दिसते.

कथा चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धातली. गुडब्रान्सदाल खोऱ्यातल्या योरुंडगोर या शेतवाडीचा मालक लाव्हरान्स हा सचोटीचा, देवभीरू माणूस. थोरली मुलगी क्रिस्तिन त्याची लाडकी. तिचा वाङ्निश्चय सिमोन या भल्या तरुणाशी झालेला आहे. लग्नाआधी ती काही काळ ओस्लोच्या मठात राहायला जाते आणि तिथे तिला एर्लेंड भेटतो. तो देखणा, धाडसी, बेजबाबदार, परक्याच्या बायकोबरोबर राहून दोन मुलांचा बाप झालेला आणि त्यापायी धर्मबहिष्कृत. क्रिस्तिन त्याला शब्द देते. बापाने दिलेला शब्द आणि मुलीने दिलेला शब्द आमनेसामने येतात. सिमोन दुखावतो पण तिला सोडतो. अखेर बाप नमतो. लग्नाच्या दिवशी क्रिस्तिनच्या डोक्यावर कौमार्याचा मान असलेला मुकुट आहे आणि पोटात मूल आहे. हे फक्त तिलाच ठाऊक असते, मांडवातल्या इतर कुणाला नाही, एर्लेंडलाही नाही.

दुसरी कुणी लेखिका असती तर इथे थांबली असती: प्रेम जिंकले. उंडसेट इथून खरी कथा सुरू करते. त्याच रात्री लाव्हरान्सला लेकीची गोष्ट उमगते, आणि त्याची बायको राग्नफ्रिद त्याला सांगते की लग्नापूर्वी तीही दुसऱ्या पुरुषाबरोबर होती. आयुष्यभर तिच्या मनावरचे ओझे कशाचे होते, हे त्याला म्हातारपणी कळते. मुलीच्या प्रेमकथेच्या शेवटी आईबापांचे लग्न असे उलगडावे, हा कादंबरीच्या कलेतला विलक्षण निर्णय आहे. प्रेम हे दोघांपुरते राहत नाही, ते आधीच्या आणि पुढच्या पिढ्यांच्या हिशेबात मांडले जाते, हे उंडसेट एकही वाक्य उपदेशाचे न लिहिता सांगते.

दुसऱ्या खंडात क्रिस्तिन एर्लेंडच्या हुसाबी या विसकटलेल्या वाड्याची गृहिणी होते. तान्ह्या मुलाला घेऊन ती अनवाणी निदारोसला, म्हणजे आजच्या त्रोंधेमला, संत ओलावच्या समाधीपाशी जाते आणि न शोभणारा तो मुकुट तिथे अर्पण करते. पुढे वाडा सावरते, मुलगे वाढवते आणि नवऱ्यावर धुमसत राहते. एर्लेंड एका राजकीय कटात पकडला जातो, तो कटही त्याच्याच एका बाहेरख्यालीपणातून फुटतो. जमीन जाते. तिसऱ्या खंडात ती मुलांसह बापाच्या वाडीवर परतते. सिमोनने आता तिच्या धाकट्या बहिणीशी लग्न केलेले आहे आणि त्याचे मन अजून क्रिस्तिनवरून हललेले नाही. तिनेही एर्लेंडला सगळे दिले, फक्त क्षमा दिली नाही. जन्मभर ती त्याचे अपराध जपमाळेसारखे मोजत राहते, आणि आपण देवाकडे जी क्षमा मागतो ती नवऱ्याला देत नाही हे तिला फार उशिरा उमजते. शेवटी ती मठात जाते. 1349 ची प्लेगची साथ येते. भयाने वेडे झालेले लोक एका अनाथ पोराला जिवंत पुरून रोगाला बळी द्यायला निघतात; क्रिस्तिन त्याला सोडवते, त्याच्या आईचे प्रेत उचलायला जाते आणि तिथेच तिला रोग जडतो.

या कादंबरीचे बळ दोन गोष्टींत आहे. पहिली, काळ. इथे तारखा नाहीत. अमक्या संताच्या दिवसाआधी गवत कापायचे, तमक्या उपासात मांस नाही, या मोजणीने वर्ष फिरते. श्रद्धा ही मनातली भावना म्हणून वेगळी काढून दाखवावी लागत नाही, कारण ती दुधात, धान्यात, बाळंतपणात मिसळलेली आहे. दुसरी, जुन्या श्रद्धांची सरमिसळ. पाण्यात दिसलेली यक्षिणी, औषधी जाणणारी आणि म्हणूनच चेटकीण ठरलेली एर्लेंडची मावशी ओस्हिल्ड, प्लेगमधला बळीचा प्रकार या सगळ्यातून दिसते की तीनशे वर्षांपूर्वी आलेला ख्रिस्ती धर्म जुन्या मातीवरच उभा आहे. दोष सांगायचा तर अपराधभाव मधूनमधून फार घट्ट होतो. तीच टोचणी क्रिस्तिन इतक्या वेळा उगाळते की वाचक थकतो. इंग्रजीत ही कादंबरी आधी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात जुनाट, कृत्रिम भाषेत आली होती. 1997 ते 2000 या काळात टीना नुनॅलीने केलेल्या साध्या, गाळलेले भाग परत घेणाऱ्या अनुवादामुळे तिला नवे वाचक मिळाले, आणि क्रिस्तिन हट्टी, रागीट, हिशेबी अशी पूर्ण माणूस आहे हे पुन्हा दिसले.

उंडसेटनंतरच्या तीन वाटा

उंडसेटच्या मागोमाग तिच्यासारखे लिहिणे कठीणच होते. चांगल्या लेखकांनी वाटा बदलल्या.

सिल्विया टाउनसेंड वॉर्नरने 'द कॉर्नर दॅट हेल्ड देम' (1948) या कादंबरीत प्रेम पहिल्या काही पानांत संपवून टाकले. बाराव्या शतकात एक सरदार बायकोला प्रियकरासह पकडतो, प्रियकराला मारतो आणि पुढे बायको वारल्यावर तिच्या स्मरणार्थ जोगिणींचा मठ बांधतो. उरलेली कादंबरी म्हणजे त्या मठाचा चौदाव्या शतकातला संसार: भाडी थकली, मनोऱ्याचे बांधकाम रखडले, साथ आली, निवडणुकीत कुरघोडी झाली. प्लेगच्या दिवसांत एक भटक्या आपण पुरोहित असल्याची थाप मारतो आणि तिथेच राहतो. कधीच न घेतलेल्या दीक्षेच्या जोरावर तो वर्षानुवर्षे जोगिणींची पापनिवेदने ऐकतो. खोट्या शब्दावर चाललेली खरी सेवा, हा या कादंबरीचा मिस्कील आणि भेदक प्रश्न आहे.

उंबर्तो इकोची 'द नेम ऑफ द रोज' (1980) रहस्यकथा म्हणून वाचली जाते. 1327 च्या नोव्हेंबरमधला एक मठ, एकामागून एक मृत्यू, ख्रिस्ताच्या दारिद्र्यावरून पोप आणि फ्रान्सिस्कन यांच्यात पेटलेला वाद. या सगळ्यात तरुण बेनेडिक्टाइन शिकाऊ आद्सो याला स्वयंपाकघरात एक गरीब शेतकरी मुलगी भेटते. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. त्या रात्रीचे वर्णन करायला आद्सोजवळ स्वतःचे शब्द नाहीत. म्हणून तो बायबलमधल्या गीतरत्नाची आणि संतांच्या ईश्वरप्रेमाची भाषा उसनी घेतो. इकोची ही चाल केवळ चातुर्याची नाही. मठात वाढलेल्या मुलाला उत्कटतेची एकच भाषा शिकवलेली असते आणि ती देवासाठी राखलेली असते. मुलगी पुढे चेटकीण म्हणून पकडली जाते, आद्सो काही करू शकत नाही. तिचे नावही त्याला कधी कळत नाही. दिलेला शब्द तर दूरच, इथे देवघेव करायला शब्दच नव्हता.

तिसरी वाट रशियाची. येवगेनी वोदोलाझ्किन हा पीटर्सबर्गमधला प्राचीन रशियन वाङ्मयाचा संशोधक. त्याच्या 'लावर'ने (2012) उंडसेटनंतर या विषयात खरी नवी भर घातली. पंधराव्या शतकातला आर्सेनी हा आजोबांकडून वनौषधी शिकलेला पोरका मुलगा. प्लेगने उजाड झालेल्या गावातून आलेली उस्तिना त्याच्याकडे राहते. लोकलज्जेने तो तिला चर्चमध्ये नेत नाही, लग्न करत नाही, बाळंतपणात सुईणही बोलावत नाही. ती आणि मूल दोघे मरतात, तेही पापनिवेदन न करता. आर्सेनीने न उच्चारलेला शब्द त्याच्या उरलेल्या आयुष्याचा आदेश होतो. आपल्या वाट्याचे पुण्य तिच्या खाती जमा व्हावे म्हणून तो वैद्य होतो, तिचे नाव घेऊन वेडसर जोगी होतो, जेरुसलेमला जातो, भिक्षू होतो, एकांतवासी होतो. शेवटी एका गरोदर मुलीला वाचवण्यासाठी तिच्या मुलाच्या बापपणाचा आळ तो मुकाट अंगावर घेतो. जे तरुणपणी सर्वांसमोर मान्य केले नाही ते म्हातारपणी, स्वतःचे नसताना, मान्य करतो. लेखकाने कादंबरीला 'अनैतिहासिक' म्हटले आहे आणि मध्येच जंगलात प्लास्टिकच्या बाटल्याही दाखवल्या आहेत. तरी श्रद्धेच्या आतून दिसणारा काळ इतक्या सहजपणे क्वचितच कुणी दाखवला असेल.

आपल्याकडचे चित्र

भारतीय भाषांत हा विषय वेगळ्या वळणाने आला. कन्हैयालाल मुन्शींच्या गुजराती 'पृथ्वीवल्लभ'मध्ये माळव्याचा परमार राजा मुंज चालुक्य तैलपाचा बंदी होतो, आणि तैलपाची वैराग्यकठोर बहीण मृणालवती त्याच्यावर भाळते. मूळ दंतकथा चौदाव्या शतकाच्या आरंभी मेरुतुंगाने 'प्रबंधचिंतामणी'त नोंदवली. मुंजाने गोदावरी ओलांडू नये असा मंत्र्याचा इशारा तिच्यात आहे, म्हणजे ही आपल्याच भूमीच्या सीमेवरची गोष्ट. मुन्शींची कलमबाजी झोकदार आहे, पण त्यांचा साचा ह्यूगोचाच: वैराग्य म्हणजे गोठलेपण आणि प्रेम म्हणजे वितळणे. मृणालवतीच्या व्रताला तिच्या स्वतःच्या नजरेत काय किंमत होती, ते त्यांना फारसे विचारावेसे वाटत नाही.

एस. एल. भैरप्पांची कन्नड 'सार्थ' (1998) आठव्या शतकात जाते आणि वैदिक, बौद्ध, तांत्रिक अशा वाटांवरून आपल्या विद्वान नायकाला फिरवते. शंकराचार्य आणि मंडनमिश्र यांचा वाद तिच्यात येतो. परंपरा सांगते की हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा आश्रम स्वीकारायचा अशी पैज होती आणि निवाडा मंडनाच्या पत्नीने, भारतीदेवीने, द्यायचा होता. स्वतःचा संसार मोडणारा निकाल स्वतःच्या तोंडाने देणारी ही स्त्री क्रिस्तिन आणि एलोइझ यांच्या पंक्तीत बसणारी आहे.

मराठी वाङ्मयेतिहासात मध्ययुग सतराव्या शतकाच्याही पुढे जाते, त्यामुळे संतांवरच्या कादंबऱ्या याच आढाव्यात येतात. गो. नी. दांडेकरांनी 'मोगरा फुलला' आणि 'तुका आकाशाएवढा' यांत संतचरित्रे रसाळपणे सांगितली, पण तिथे लेखक भक्ताच्या भूमिकेतून फारसा हलत नाही. दि. बा. मोकाशींनी 'आनंदओवरी'त (1974) धाडस केले. तुकाराम नाहीसे झालेत आणि धाकटा भाऊ कान्होबा त्यांना शोधतो आहे, आठवतो आहे. महापुरुष घरातून कसा दिसतो, त्याच्या देवाची किंमत भावाला, बायकोला, पोरांना कशी मोजावी लागते, हे मोकाशींनी कोणावरही न चिडता लिहिले. कान्होबाच्या प्रेमात तक्रार आहे आणि श्रद्धेत शंका आहे, तरी दोन्ही अस्सल आहेत. मराठीत उंडसेटच्या सर्वांत जवळ जाणारी कादंबरी हीच.

असे असूनही मूळ साधनांत असलेली सर्वांत तीव्र कथा मराठी कादंबरीने मध्यभागी आणलेली नाही. ज्ञानेश्वरांचे वडील, आपेगावचे विठ्ठलपंत, आळंदीच्या रुक्मिणीबाईंना सोडून काशीला गेले आणि संन्यास घेतला. परंपरेनुसार गुरू आळंदीस आले, नमस्काराला वाकलेल्या रुक्मिणीबाईंना त्यांनी पुत्रवती होण्याचा आशीर्वाद दिला, मग सत्य कळले आणि त्यांनी शिष्याला परत संसारात धाडले. गुरूची आज्ञा पाळावी तर संन्यास मोडतो, संन्यास पाळावा तर आज्ञा मोडते, आणि पत्नीला अग्निसाक्षीने दिलेला शब्द तर दोन्हींच्या आधीचा. चार मुले झाली, गावाने वाळीत टाकले, प्रायश्चित्त म्हणून दोघांनी देह टाकला अशी कथा आहे. ज्ञानेश्वरांच्या प्रत्येक चरित्रात ही हकिकत आरंभी येते आणि ज्ञानेश्वरांची वाट मोकळी करून बाजूला होते. सतराव्या शतकातल्या बहिणाबाईंची गोष्टही अशीच. तुकारामांना गुरू मानल्याबद्दल त्यांनी नवऱ्याचा मार खाल्ला, तरी पतिधर्म आणि गुरुभक्ती यांतला एकही धागा सोडला नाही, आणि हे सारे आपल्या अभंगांत स्वतःच सांगून ठेवले.

दोनशे वर्षांच्या या वाचनातून कादंबरीला लावायच्या कसोट्या स्वच्छ होतात. लेखकाला त्या काळचा कायदा ठाऊक आहे का, कारण शब्दाचे वजन तिथे ठरते. श्रद्धा पात्रांच्या बोलण्यापेक्षा त्यांच्या दिवसात, ताटात आणि कामात दिसते का. आणि व्रत घेणाऱ्याला त्या व्रतातून काहीतरी मिळत होते, हे लेखक मनापासून मानतो का. तिसरी कसोटी सर्वांत कडक आहे. ह्यूगो आणि मुन्शी तिथे अडखळतात, उंडसेट आणि वोदोलाझ्किन पार होतात.

रुक्मिणीबाईंची कादंबरी लिहायला साधने नाहीत असे कोणी म्हणू शकणार नाही. चालुक्यांच्या राजवटीत विज्ञानेश्वराने लिहिलेली 'मिताक्षरा' आहे. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याचा 'चतुर्वर्गचिंतामणी' आहे, व्रते आणि प्रायश्चित्ते यांचा विठ्ठलपंतांच्याच काळातला कोश. तेराव्या शतकातले रस्ते, बाजार, जेवण आणि बोलणे जागच्या जागी टिपणारे म्हाइंभटांचे 'लीळाचरित्र' आहे. उंडसेटच्या टेबलावर होती त्यापेक्षा ही सामग्री उणी नाही. मराठी कादंबरीकाराला उणीव पडते ती धैर्याची: संताच्या आईकडे बाई म्हणून पाहण्याच्या आणि तिच्या नवऱ्याच्या संन्यासाकडे ढोंग न मानता पाहण्याच्या धैर्याची. ही दोन्ही धैर्ये एकाच लेखकात एकत्र आली तर या आढाव्यात मराठीची जागा 'आनंदओवरी'च्या पुढे जाईल.